नागपूरच्या उन्हानं खाल्लेला स्की गॉगल परत बर्फात नेण्यासारखा कसा करायचा

मागच्या डिसेंबरात आमच्या इथली तीन पोरं उत्तराखंडात केदारकंठाच्या ट्रेकला निघाली, त्यातल्या एकानं गॉगल मागितला म्हणून मी माळ्यावरची बॅग खाली काढली. गॉगल हातात घेतला तर आतला फोम काळ्या भुग्यासारखा बोटाला लागून आला, जिथं भुगा नाही तिथं गुळासारखा चिकट, आणि पट्टा ओढला तर ओढलेला तसाच लोंबत राह्यला. खरंच वाईट वाटलं, कारण हा गॉगल बर्फात मोजून तीनदा गेला होता, एकदा औलीला आणि दोनदा गुलमर्गला, कधी पडला नाही, लेन्सला कोणाला हात लावू दिला नाही. मग डोक्यात आलं की बर्फात तर हा सगळा मिळून महिनाभरही राह्यला नसेल, बाकी सगळी वर्षं तो आपल्या घरी स्लॅबखाली पडून होता, म्हणजे जे काय झालं ते इथंच झालं.

हे एकदा कळलं की पुढचं सगळं लागत जातं. चेहऱ्याला टेकणारा तो फोम पॉलियुरेथेनचा असतो आणि त्याचे दोन वैरी, उष्णता आणि ओलावा. दोन्ही एकत्र आले की त्याची आतली साखळी तुटत जाते, आधी चिकट होतो मग भुगा होतो, आणि हे न वापरताही होतं, उलट कपाटात पडून जास्त होतं कारण कोणाचं लक्ष नसतं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५-४६ला जातो, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, माळ्यावर तर हात लावून पाहा काय तापलेलं असतं, आणि त्याच्या लगेच मागं पावसाळ्याची दमट हवा. गोंद वितळतो, इलॅस्टिक मरतं, फोम कुजतो. लेन्स मात्र बहुतेक वेळा चांगली असते! म्हणून सांगून राह्यलो की असा गॉगल फेकू नका, चांगला डबल लेन्सवाला नवा घ्यायला काही हजार लागतात आणि जुन्याचं जे मेलं ते बहुतेक इतवारीच्या बाजारात शे-दोनशे रुपयांच्या सामानात बदलता येतं. त्या गॉगलपासून सुरू केलं, आतापर्यंत दहा-बारा करून झाले, काही बिघडवले पण, तेही सांगतो.

आधी हे पाहा की दुरुस्त करण्यासारखा आहे का

दिवसा खिडकीजवळ बसा, लेन्स उजेडाकडं धरा आणि हळूहळू फिरवा. बाहेरच्या बाजूचे चरे वेगळे, आतल्या बाजूचे वेगळे, दोन लेन्सच्या मधला धुरकटपणा वेगळा. स्की गॉगलची लेन्स म्हणजे दोन लेन्स असतात, बाहेरची पॉलिकार्बोनेटची कडक आणि आतली पातळ, बहुतेक सेल्युलोज जातीच्या प्लॅस्टिकची, मधे काही मिलिमीटर हवा आणि कडेनं पातळ फोमची पट्टी चिकटवून बंद केलेलं. मधल्या हवेमुळं आतली लेन्स बाहेरच्या थंडीपासून थोडी वाचते म्हणून लवकर धुकं धरत नाही.

मधली पट्टी सुटली का हे ओळखायची एक घरगुती टेस्ट आहे. गॉगल कोरड्या कापडी पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, साध्या फ्रीजमध्ये, अर्धा तास. बाहेर काढल्यावर आपल्या हवेत बाहेरून तर वाफ धरणारच, ती काढायच्या नादात लेन्स घासू नका, मायक्रोफायबरनं फक्त बाहेरची बाजू टिपून घ्या आणि पाहा, जर धुकं अशा जागी दिसत असेल की ना बाहेरून जातं ना आतल्या बाजूला आहे, तर ते दोन लेन्सच्या मधे आहे. मधे धुकं म्हणजे सील गेलं. अशी लेन्स घरी उघडून परत चिकटवायचा प्रयत्न मी दोनदा केला, दोन्ही वेळा आत धूळ अडकली आणि आठवड्यात परत धुकं, त्यामुळं माझं मत स्पष्ट आहे, अशा वेळी फक्त लेन्स नवी घ्यायची, फ्रेम ठेवायची. मॉडेलचं नाव बहुतेक पट्ट्यावर नाहीतर फ्रेमच्या आत बारीक अक्षरात असतं, आधी ते लिहून घ्या.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, काही लेन्सला वरच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढं भोक असतं, त्यावर बारीक जाळीसारखं काहीतरी. ते तुटलेलं नाही बाप्पा, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास, गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो, तिथं बाहेरचा दाब कमी होतो आणि मधली हवा फुगते, तिला निघायला ती वाट. एका पोरानं ते भोक गोंदानं बुजवून आणलं होतं.

आता आतली बाजू. लेन्सवर आतून लांबून एक हळू श्वास सोडा. धुकं रोखणारं आतलं कोटिंग शाबूत असेल तर वाफ दिसतच नाही किंवा लगेच उडते, कारण ते कोटिंग पाणी शोषून पसरवतं. जिथं कोटिंग गेलंय तिथं नकाशासारखे पांढरे ठिपके उमटतात. ठिपके कडेला असतील तर चालतं, डोळ्यासमोर असतील तर पुढचं धुक्यावालं वाचा.

फ्रेमला आडवी तडा, नाकाजवळ चीर किंवा लेन्स ज्या खाचेत बसते ती खाच तुटलेली असेल तर तिथंच थांबा. पडल्यावर हीच फ्रेम डोळ्याभोवती असते, तिला चिकटवून कोणाला देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

लेन्स काढणं आणि धुणं

काम करायचं तर लेन्स आधी बाहेर. मॅग्नेटवाल्याला काही प्रश्न नाही. खाचेवाल्याला लेन्स ओढायची नाही, फ्रेम ओढायची, हे उलट केलं की लेन्सला कोपऱ्यात तडा जातो. गॉगल मांडीवर टॉवेल टाकून त्यावर ठेवा, वरच्या कडेला एका बाजूनं फ्रेमचं रबर अंगठ्यानं बाहेर वाकवा, खाचेतून लेन्सची कड मोकळी झाली की तसंच पुढं पुढं सरका, नाकाजवळ सगळ्यात शेवटी. वरच्या कडेला लेन्सला छोट्या खाचा आणि फ्रेमला खुंटे असतात, ते किती आणि कुठं आहेत याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, बसवताना लय कामी येतो. थंडीत फ्रेम कडक असेल तर पाच मिनिटं हातात धरून गरम करा, हेअर ड्रायर नको.

बाहेरची बाजू धुताना पहिलं काम म्हणजे धूळ उडवणं, कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर असला तर उत्तम. आपल्याकडच्या धुळीत बारीक रेती असते, ती प्लॅस्टिकपेक्षा कडक, म्हणून कोरडं पुसलं की चरा पडलाच समजा. आणि आपल्याला सवय असते ना, दुपट्ट्यानं, गमच्यानं, शर्टाच्या टोकानं पुसायची, तीच सगळ्यात जास्त लेन्स खाते. धूळ गेली की कोमट पाण्याची बारीक धार, बोटावर भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब, बोटानंच हलकं फिरवा, धुवा. पण लेन्स बादलीत बुडवायची नाही, धार फक्त बाहेरच्या बाजूवर आणि कड खाली वाकवून, कारण कडेच्या फोमपट्टीतून पाणी आत ओढलं जातं. शेवटी डिस्टिल्ड वॉटर फिरवा, गाडीच्या बॅटरीत टाकायला मिळतं ते, बोअरचं पाणी सुकलं की पांढरे डाग सोडतं आणि ते डाग काढायला परत घासावं लागतं. मग स्वच्छ मायक्रोफायबरनं टिपायचं, घासायचं नाही.

आतली बाजू? तिला हात लावायचा नाही. खरंच. ओलं असताना ते कोटिंग मऊ झालेलं असतं, तेव्हा बोट फिरवलं की कायमचा फराटा. माझ्या याच्याही आधीच्या गॉगलचं कोटिंग असंच गेलं, गुलमर्गला पडलो, आत बर्फ शिरला, मी हातमोजा काढून रुमालानं आतून पुसलं, तेव्हा स्वच्छ दिसलं आणि संध्याकाळी हॉटेलात पाह्यलं तर उजव्या डोळ्यासमोर इंद्रधनुष्यासारखा पट्टा, आजही आहे. आत बर्फ गेला तर झटकायचा, थेंब राह्यले तर टिश्यूचं टोक नुसतं टेकवायचं म्हणजे तो आपोआप ओढून घेतो, बाकी हवेवर सोडून द्यायचं.

काय काय लावू नये ते एका दमात सांगतो, काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे, पेट्रोल, थिनर, नेलपेंट रिमूव्हर, हे सगळे पॉलिकार्बोनेटला बारीक जाळीसारख्या भेगा पाडतात किंवा धुरकट करतात. सॅनिटायझर आतल्या लेन्सला नको. सनस्क्रीन आणि डीटवालं डासाचं क्रीम लावलेले हात पण नको, त्यातली रसायनं प्लॅस्टिक आणि कोटिंग दोन्हीला त्रास देतात. आणि नागपूरकरांसाठी खास, संत्र्याच्या सालीत जे तेल असतं ते थर्माकोलवर पिळून पाहा, थर्माकोल विरघळतो, म्हणून संत्र-लिंबाच्या तेलाचे क्लीनर लेन्सपासून लांबच बरे, आणि ट्रेनमध्ये संत्रं सोलताना गॉगल मांडीवर ठेवू नका.

चऱ्यांबद्दल एकच सांगायचंय. टूथपेस्ट लावू नका. टूथपेस्टमध्ये घासणारी पावडर असते, ती चऱ्याच्या आजूबाजूचं कडक कोटिंग आणि आरशासारखा थर घासून काढते, चरा तसाच राहतो आणि त्याच्याभोवती दुधासारखा ढग तयार होतो, मग उन्हात समोरून चमक आली की काहीच दिसत नाही. कडेचा बारीक चरा आहे तसा राहू द्या, बर्फात तो दिसतसुद्धा नाही. डोळ्यासमोर खोल चरा असेल तर लेन्स बदला. आरशाचा थर निघाला तरी यूव्हीपासूनचं, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांपासूनचं, संरक्षण जात नाही कारण पॉलिकार्बोनेट स्वतःच यूव्ही अडवतं, फक्त उजेड जास्त येतो. म्हणजे तसा गॉगल ढगाळ दिवसासाठी ठेवता येतो. लेन्सवर एस१, एस२, एस३ असं छापलेलं असलं तर तेवढं पाहून घ्या, एस३ मधून फक्त ८ ते १८ टक्के उजेड आत येतो आणि तो चांगल्या उन्हासाठी, एस२ मधून १८ ते ४३ टक्के, तो ढगाळ हवेसाठी.

फोम, म्हणजे खरं काम

सगळ्यात जास्त वेळ याला द्या, एक अख्खा रविवार.

आधी जुना फोम काढायच्या आत त्याचा साचा घ्या, हे मी पहिल्यांदा विसरलो आणि मग अंदाजानं कापत बसलो. जुन्या कॅलेंडरचं जाड पान घ्या, गॉगलची फोमवाली बाजू त्यावर टेकवून एका कानाकडून दुसऱ्या कानाकडं हळूच लोळवत नेत पेन्सिलनं आतून-बाहेरून रेघ मारा. फ्रेम वाकडी असते, सपाट ठेवून रेघ मारली तर साचा दोन्ही टोकांना आखूड येतो. जिथं फोम पूर्ण गेलाय तिथं फ्रेमच्या कडेवरून घ्या. पट्टीनं जाडी पण मोजा, कपाळाशी, गालाशी आणि नाकाशी वेगवेगळी, कारण बऱ्याच गॉगलमध्ये ती सारखी नसते आणि ती नीट जमली नाही तर नाकाजवळून वारं येतं.

मग लेन्स काढलेली फ्रेम कोमट साबणाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा. भुगा हातानं निघतो, चिकट राह्यलेलं आईस्क्रीमच्या लाकडी काडीनं खरवडा, चाकू नको, फ्रेमचं प्लॅस्टिक मऊ असतं. जुन्या गोंदाचा जो पिवळा थर उरतो तो अंगठ्यानं घासत राह्यलं की शेवयांसारखा वळून वळून निघतो, याला अर्धा तास लागतो आणि कंटाळा येतो पण इथं घाई केली की नवा फोम एका ट्रिपमध्ये सुटतो. अगदीच नाही निघालं तर मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन फक्त फ्रेमवर, आधी आतल्या एका कोपऱ्यात लावून पाहून. लेन्स तेव्हा दुसऱ्या खोलीत असलेली बरी.

नवा फोम कुठून? सोफा-गादीचं सामान विकणारी दुकानं, रेक्झिन-फोमवाले. दुकानात ३२ डेन्सिटी मागा, १२ मिलिमीटर जाड, कापलेला छोटा तुकडा बहुतेक जण असाच देऊन टाकतात. ४० डेन्सिटीचा मी एकात लावला होता, तासाभरात गालाच्या हाडावर वळ उठले. योगा मॅट किंवा चपलेसारखा रबरी फोम घेऊ नका, तो बंद पेशींचा असतो, त्यातून हवा जात नाही आणि आतला दमटपणा तिथंच अडकतो. ओळखायची पद्धत सोपी, फोम ओठाला लावून फुंकर मारा, पलीकडं हाताला हवा लागली तर तो आपल्या कामाचा.

चेहऱ्याला जो मऊ थर लागतो तो फ्लीसचा असतो. घरी जुनं फ्लीस जॅकेट असेल तर त्याची बाही कापा, नसेल तर गांधीबागच्या कापड मार्केटमध्ये अर्धा मीटर मिळून जातं. फ्लीस आधी फोमला चिकटवायचं आणि मग साच्याप्रमाणं दोन्ही सोबत कापायचं, उलट केलं तर कडा जुळत नाहीत. कटरचं पातं नवं कोरं पाहिजे, एका ओढीत कापा, करवतीसारखं मागं-पुढं केलं की कड फाटते. साच्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर मोठंच कापा, जास्तीचं नंतर कात्रीनं काढता येतं. एकाच तुकड्यात अख्खी कड निघाली तर उत्तम, जोड द्यायचाच असेल तर कानाजवळ द्या, नाकाजवळ नको.

चिकटवायचं कशानं, यावर मला सगळ्यात जास्त विचारतात. फेविक्विकनं नाही! त्याच्या वाफेनं आजूबाजूला पांढरी भुकटी धरते, लेन्सवर बसली तर निघत नाही, आणि सुकल्यावर कडक टोकं होतात जी चेहऱ्याला टोचतात. मी आधी पातळ दुहेरी टेप लावतो, फ्रेमच्या कडेएवढी बारीक कापून, छोट्या छोट्या तुकड्यांत, वळणावर एकच लांब तुकडा सुरकुततो. टेप सपाट जागी छान धरते पण नाकाच्या वळणावर आणि दोन्ही टोकांना सुटते, तिथं मोचीलोक वापरतात ते रबर सोल्युशन, दोन्हीकडं अगदी पातळ हात, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटायचं बंद झालं की दाबा. त्यात सॉल्व्हंट असतं, त्याची वाफ लेन्सला चांगली नाही, म्हणून चिकटवल्यावर पूर्ण २४ तास पंख्याखाली ठेवल्याशिवाय लेन्स बसवायची नाही. वास येतोय म्हणजे अजून वेळ आहे. दाब द्यायला कपडे वाळत घालायचे चिमटे वापरा, चिमट्याच्या आत पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून.

वरच्या हवेच्या जाळीवरचा पातळ फोम विसरू नका. तो उडाला तर उघड्या जाळीतून बर्फाचा भुरा आत येतो, आणि जाड फोम लावला तर हवा थांबून धुकं. फिश टँकच्या फिल्टरचा मोठ्या भोकांचा स्पंज तीन-चार मिलिमीटर पातळ कापून लावा, टेप फक्त कडेला, मधे नाही.

पट्टा

हे पटकन होतं. जुना पट्टा ओढा, दीडपट होऊन परत आला पाहिजे, नाही आला तर इलॅस्टिक गेलं. इतवारीत शिलाईचं सामान मिळतं तिथं ४० मिलिमीटरचं विणलेलं इलॅस्टिक घ्या, पण आधी जुन्याची रुंदी बकलमधून मोजून घ्या, सगळे ४०चेच नसतात. जुनी बकलं आणि हुक काढून ठेवा, तीच परत लागतात. शिवताना झिगझॅग टाका, सरळ टाका ओढल्यावर तुटतो. माझे पट्टे आईनं शिवून दिले, तिनं टोकं आधी मेणबत्तीवर किंचित शेकून घेतली म्हणजे धागे निघत नाहीत, आणि दोरा पॉलिएस्टरचा घेतला. हेल्मेटवर सरकू नये म्हणून आतल्या बाजूला सिलिकॉन सीलंटच्या तीन बारीक रेघा ओढा आणि रात्रभर सुकू द्या.

धुक्याचं काय

आतलं कोटिंग गेलं की ते घरी परत येत नाही, हे आधी मान्य करा म्हणजे वाट्टेल ते प्रयोग करावेसे वाटणार नाहीत. अँटीफॉग स्प्रे किंवा वाइप मिळतात, त्यांचा असर काही तास, रोज सकाळी परत लावायचं. बेबी शॅम्पूचा एक थेंब चमचाभर पाण्यात घालून त्याचा अगदी पातळ हात दिला, सुकू दिलं आणि हलकंच टिपलं तरी चालतं, पण ज्या लेन्सचं कोटिंग आधीच गेलंय फक्त तिच्यावर. चांगल्या कोटिंगवर यातलं काहीच लावू नका.

अर्धं धुकं तर आपल्या सवयींमुळं होतं. गॉगल कपाळावर सरकवायचा नाही, डोक्याचा घाम आणि गरमी सरळ आत जाते, उतरवायचाच असेल तर गळ्यात घ्या किंवा जॅकेटच्या आतल्या कोरड्या खिशात. नाकावरचा बफ (गळ्यातून वर ओढायचं नळीसारखं कापड) गॉगलच्या आत खोचू नका, श्वास वर जातो. जाळीवर बर्फ साचला तर बोटानं झटका. आणि रात्री ओला गॉगल बुखारीजवळ (तिकडची खोली तापवायची शेगडी) किंवा हीटरवर ठेवू नका, आपण इतकी मेहनत घेऊन लावलेला गोंद तिथं एका रात्रीत सुटतो, लेन्स वाकते ते वेगळंच. खोलीत उंच जागी, मोकळ्या हवेत, आतली बाजू वर करून.

धूप आणि डोळे

इतकं सगळं काहून करायचं, साधा काळा चष्मा चालत नाही का, असं पोरं विचारतात म्हणून लिहितो. उंचीवर दर १,००० मीटरला यूव्ही साधारण १० टक्क्यांनी वाढतं, आणि ताजा बर्फ यूव्हीचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत वर फेकतो, म्हणजे धूप खालूनही येते, चष्म्याच्या बाजूनं आणि खालून घुसते. ढग असले तरी येते. केदारकंठा साडेबारा हजार फूट आहे, तिथं भर बर्फात दिवसभर उघड्या डोळ्यांनी फिरलं तर डोळ्याचा वरचा थर भाजतो, त्याला स्नो ब्लाइंडनेस म्हणतात, आणि फसवी गोष्ट ही की दुखणं सहा ते बारा तासांनी सुरू होतं, रात्री तंबूत, डोळ्यात रेती भरल्यासारखं, पाण्याच्या धारा, उजेड सहन होत नाही. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बरं होतं, पण तोपर्यंत डोळे चोळायचे नाहीत, कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर काढायच्या, अंधारात थंड ओलं कापड ठेवायचं आणि डॉक्टरला दाखवायचं.

बर्फातून परत आल्यावरचे अकरा महिने

आता जिथून सुरू केलं तिथं येतो. आल्या आल्या गॉगल बॅगेतून काढून दोन दिवस सावलीत मोकळा ठेवा, गच्चीवर उन्हात नाही. फोम घामट असेल तर ओल्या कापडानं टिपा, पट्टा काढता येत असेल तर हातानं धुवा. पूर्ण सुकल्यावर मायक्रोफायबरच्या पिशवीत, मग कडक डब्यात, म्हणजे वर काही पडलं तर लेन्स दबत नाही. पट्टा ढिला करून ठेवा, हेल्मेटवर ताणून ठेवला तर वर्षभर ताणलेलाच राहतो आणि मरतो.

जागा घरातली सगळ्यात थंड शोधा, माझ्याकडं मधल्या खोलीतल्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा आहे. माळा नको, वरच्या मजल्याची खोली नको, गाडीची डिक्की तर मुळीच नको, मे मध्ये बंद गाडी आतून किती तापते ते आपल्याला माहीत आहे. कूलर जिथं चालतो ती खोली पण नको, ती थंड असते खरी पण हवा पूर्ण ओली, बुरशी धरते. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, बुटांच्या खोक्यातून निघतात त्या चालतात, रंग बदलणारे दाणे असतील तर अजून बरं, निळे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे करायचे. डांबरगोळ्या लोकरी कपड्यांत ठेवता ना, त्या कप्प्यात गॉगल नको, त्यांची वाफ काही प्लॅस्टिकला मऊ पाडते. पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांतून एकदा डबा उघडा, अर्धा तास पंख्याखाली हवा द्या, फोम बोटानं दाबून पाहा, दाबलेला खड्डा लगेच भरला तर ठीक, बोट चिकटलं तर नवा फोम कापायची वेळ आली.

आणि निघायच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा घरी हेल्मेटसकट वीस मिनिटं घालून बसा, आदल्या रात्री नाही. कुठं टोचतंय, नाकाशी कुठून फट राह्यलीये ते तेव्हा कळतं आणि बदलायला वेळ असतो. मागच्या डिसेंबरवाल्या त्या पोराला मी ऐनवेळी दुसऱ्याचा गॉगल मागून दिला होता, माझा तेव्हा तयारच नव्हता. या वर्षी तो तयार आहे, डब्यावर मास्किंग टेप लावून फोम कोणत्या महिन्यात बदलला ते लिहून ठेवलंय, तुम्ही पण लिहा, दोन-तीन वर्षांनी आठवत नाही.